कोड पुसण्याआधी

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि देखभाल

या महिन्यात नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे एकाच दुखण्याबद्दल आली आहेत. गाडी नवी आणि वॉरंटीतली आहे. पण चालकाला मदत करणारी यंत्रणा, म्हणजे ज्याला सगळे अ‍ॅडास म्हणतात ती, मध्येच बंद पडते. मीटरवर पिवळा संदेश येतो आणि सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत सगळे पूर्ववत झालेले असते. "कोड पुसला, आता बघा" असे ऐकून माणूस घरी येतो आणि आठवड्याने संदेश पुन्हा हजर होतो. कोड म्हणजे बिघाड झाल्यावर गाडीचा संगणक नोंदवून ठेवतो तो क्रमांक; तो स्कॅनर जोडून वाचतात.

असा बिघाड लहरी वाटतो, पण लहरी नसतो. त्याची वेळ, जागा आणि हवा ठरलेली असते. ती हाती लागली की निम्मे काम झाले, आणि ती सांगू शकणारा एकमेव माणूस म्हणजे गाडी रोज चालवणारा. म्हणून पुढच्या उत्तरांत मेकॅनिकच्या कामाइतकेच गाडीमालकाने स्वतः काय पाहायचे, तेही सांगितले आहे.

प्रश्न : डिसेंबरात नवी एसयूव्ही घेतली. दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास नाशिकहून ठाण्याला निघतो. घोटीच्या अलीकडे-पलीकडे 'पुढचा कॅमेरा तात्पुरता उपलब्ध नाही' असा संदेश येतो. लेन राखणारी मदत आणि आपोआप लागणारा ब्रेक, दोन्ही बंद होतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपसूक सुरू होतात. रविवारी परत येताना बहुतेक वेळा काही होत नाही. दोनदा गाडी दाखवली. "स्कॅनरवर कोड नाही, गाडी ओके" म्हणाले. मग दोष आहे की नाही? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आधी संदेशाचे नेमके शब्द पाहा, कारण सगळा फरक तिथेच आहे. 'तात्पुरता उपलब्ध नाही' किंवा 'सेन्सर झाकला आहे' याचा अर्थ यंत्रणा शाबूत आहे, पण तिला या क्षणी नीट दिसत नाही. 'यंत्रणेत बिघाड, सर्व्हिस करा' असे आले तर एखादा भाग, वायर किंवा आतला संवाद तुटला आहे. पहिल्या प्रकारात स्कॅनरवर बहुधा काहीच सापडत नाही. त्यामुळे 'कोड नाही' हे सर्व्हिस सेंटरचे म्हणणे खरे असू शकते. मात्र 'कोड नाही' म्हणजे 'कारण नाही' असा अर्थ होत नाही.

तुमच्या बाबतीत वेळ आणि दिशा दोन्ही बोलकी आहेत. नाशिकहून इगतपुरीकडे रस्ता नैऋत्येला जातो. हिवाळ्यात सूर्यही दुपारनंतर नैऋत्येलाच कलतो, म्हणजे चार ते सहाच्या दरम्यान तो कॅमेऱ्याच्या थेट समोर असतो. परतताना तो पाठीशी किंवा बाजूला जातो. उन्हाळ्यात हाच प्रकार उलटा होऊ शकतो: मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, तेव्हा इगतपुरीहून सकाळी लवकर नाशिककडे येताना संदेश दिसू लागेल.

पण समोर ऊन आले म्हणून प्रत्येक गाडीचा कॅमेरा आंधळा होत नाही. स्वच्छ काचेतून तो बरेच सहन करतो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा काचेवरचा पातळ तेलकट थर असतो, आणि नव्या गाडीत तो आतल्या बाजूला असतो. नवे प्लास्टिक, रेक्झिन आणि गोंद उन्हात तापले की त्यांतून वाफा निघतात आणि काचेवर बसतात. डॅशबोर्डला चकाकी आणणारा स्प्रे मारला असेल तर थर आणखी जाड होतो. समोरून पाहिले तर काच स्वच्छच दिसते. रात्री गाडीत बसून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरका मारा. दुधी, इंद्रधनुषी डाग दिसले तर हाच थर. ऊन तिरके आले की तो उजळतो आणि कॅमेऱ्याला समोरच्या पांढऱ्या पट्ट्या धुक्यातल्यासारख्या दिसतात.

बाहेरची काच साबणाच्या पाण्याने आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा. आतली काच पुसताना 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. आरशामागच्या काळ्या कव्हरच्या आत, कॅमेऱ्याच्या अगदी पुढचा हाताच्या तळव्याएवढा तुकडा मात्र तुमच्या हाती लागणार नाही. ते कव्हर स्वतः उचकटू नका. कॅमेरा ब्रॅकेटमधून केसभर हलला तरी पुढचे सगळे माप चुकते. "कव्हर काढून कॅमेऱ्यासमोरची काच आतून साफ करा" असे जॉब कार्डवर शब्दशः लिहून घ्या. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि तिथे क्वचितच कुणी स्वतःहून करते.

त्याच भागात आणखी तीन गोष्टी तपासा. फास्टॅग आरशामागे लावायची पद्धत आहे, पण कॅमेरा असलेल्या गाडीत तो कॅमेऱ्याच्या खिडकीपुढे तर आलेला नाही ना, ते बाहेरून उभे राहून पाहा. डॅशबोर्डवर पांढरे कापड किंवा चकचकीत मूर्ती असेल तर तिचे प्रतिबिंब काचेत पडते. मूर्ती कॅमेऱ्याच्या सरळ रेषेतून बाजूला घ्या. आणि वायपरची रबरे पाहा: कॅमेऱ्यासमोरच्या पट्ट्यात ती पाण्याची रेघ ठेवत असतील तर पावसाळ्यात हाच संदेश रोज येईल.

एप्रिल-मेमध्ये गाडी तासन्‌तास उन्हात उभी राहिली तर कॅमेरा गरम होऊन स्वतःच बंद होतो. तो गाडी सुरू केल्या केल्या येणारा संदेश असतो आणि पाच-दहा मिनिटांत जातो. एसीची हवा पुढच्या काचेवर सोडली की लवकर जातो. कसाऱ्याच्या घाटात पावसाळी धुक्यात माणसाला दिसत नाही तेव्हा कॅमेऱ्यालाही दिसत नाही. ते तर यंत्रणेने प्रामाणिकपणे सांगितले असे समजा.

एवढे करूनही संदेश येत राहिला तर एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, वेळ, किलोमीटर, जागा, वेग, ऊन कुठल्या बाजूला, पाऊस-धुके, वायपर आणि दिवे सुरू होते का, संदेशाचे शब्द, आणि तो आपसूक गेला की इंजिन बंद करून सुरू केल्यावर गेला, एवढे लिहा. शेजारी बसलेल्याला मीटरचा फोटो काढायला सांगा, चालवताना स्वतः काढू नका. सात-आठ नोंदी झाल्या की नमुना बहुधा उघड होतो. मग सर्व्हिस सेंटरच्या माणसाला सकाळी अकरा वाजता शोरूमभोवती फेरी मारायला लावू नका, दुपारी चारला त्याच रस्त्यावर सोबत न्या.

प्रश्न : गाडी आठ महिन्यांची. आठवड्यातून एकदा-दोनदा सकाळी सुरू केली की एकदम चार-पाच दिवे लागतात: एबीएस, स्टिअरिंग, टायरमधली हवा, पुढची टक्कर-सूचना. कधी दोन किलोमीटरवर जातात, कधी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर. घर ते ऑफिस म्हणजे कॉलेज रोड ते सातपूर, तेवढाच रोजचा वापर. गाडी घेतल्यावर डॅशकॅम बाहेरून बसवला आहे. सर्व्हिस सेंटर म्हणते रडार बदलावा लागेल, मागवतो. (वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : रडार, म्हणजे पुढच्या वाहनाचे अंतर लहरींनी मोजणारा भाग, मागवण्याआधी थांबायला सांगा. एकट्या रडारच्या बिघाडाने स्टिअरिंग आणि टायरचा दिवा लागत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच दिवे एकाच क्षणी लागतात तेव्हा कारण त्या सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत असते: विजेचा पुरवठा, अर्थिंग, किंवा सगळ्या संगणकांना जोडणारी कॅन वायर. यांपैकी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे 12 व्होल्टची बॅटरी.

गाडी सुरू करताना स्टार्टर काही क्षण प्रचंड करंट खेचतो. बॅटरी अर्धवट भरलेली असेल तर व्होल्टेज इतके खाली जाते की एकेक संगणक क्षणभर गप्प होतो. शेजारचे संगणक लगेच 'अमुक बोलत नाही' अशी तक्रार नोंदवतात. पुढच्याच सेकंदाला सगळे जागे होतात, पण नोंद झालेली असते. म्हणूनच अशा गाडीत 'यू' अक्षराने सुरू होणारे कोड, म्हणजे संवाद तुटल्याचे, एकदम पाच-सहा सापडतात. त्यांतल्या एका कोडात रडारचे नाव असते आणि बिचाऱ्या रडारवर बालंट येते.

साधा मल्टीमीटर घ्या. रात्री गाडी लॉक करून सकाळी, दार उघडण्याआधी शक्य झाल्यास, बॅटरीच्या टोकांवर मोजा. 12.6 व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली. 12.2 च्या खाली असेल तर तुमचे उत्तर बहुधा तिथेच आहे. मग दुसऱ्या माणसाला गाडी सुरू करायला सांगून त्या क्षणी आकडा किती पडतो ते पाहा, 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी लोडवर तपासून घ्यायची. इंजिन सुरू असताना साधारण 13.5 ते 14.7 दिसायला हवे. नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त होते, त्यामुळे मध्येच 12.8 दिसले तर घाबरू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, आकडा वर गेला पाहिजे.

आता डॅशकॅम. गाडी उभी असताना रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा समजा 0.3 अँपिअर खेचतो. शनिवार-रविवारचे 48 तास गाडी उभी राहिली तर 14.4 अँपिअर-तास गेले. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळपास तिसरा हिस्सा झाला. सोमवारी सकाळी ऑफिसपर्यंतच्या थोड्या किलोमीटरात, सिग्नलला थांबत-थांबत, तो भरून येत नाही. तुमचे दिवे सोमवारी किंवा सुटीनंतर जास्त लागतात का, हे आठवून पाहा. गाडी बंद होऊन अर्धा तास झाल्यावर, सगळे संगणक झोपल्यावर, एकूण गळती 50 मिलिअँपिअरच्या आत असावी. ती क्लॅम्प मीटरने मोजायला दहा मिनिटे लागतात.

बसवण्याच्या पद्धतीतही दोन चुका हमखास होतात. एक, काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर बांधतात. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या टोकावर बॅटरीचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून गेलेला करंट हिशेबात येत नाही आणि गाडीला बॅटरी भरलेली आहे असे वाटत राहते. बाहेरच्या कुठल्याही उपकरणाचे अर्थिंग बॉडीच्या ठरलेल्या बोल्टवरच हवे. दुसरी, आरशाजवळच्या वायरिंगमधून सोपे पडते म्हणून जोड घेतात. ते वायरिंग पुढच्या कॅमेऱ्याचे असू शकते. जोड वायर सोलून, टेप गुंडाळून केलेला असेल तर तो काढायला लावा. पुरवठा फ्यूज बॉक्समधून, योग्य फ्यूज टाकूनच घ्यायचा. जाता जाता एक कळकळीचे सांगणे: डॅशकॅमची वायर पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरमध्ये पडदा-एअरबॅगच्या पुढून नेलेली नाही, मागून नेलेली आहे, याची खात्री करून घ्या.

पंधरा दिवस डॅशकॅम पूर्ण काढून ठेवा आणि बॅटरी चार्जरवर लावून एकदा पूर्ण भरून घ्या. दिवे गेले तर रडारचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचले. ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर जोडायच्या जागेला, लावलेला ट्रॅकर असेल तर तोही याच काळात काढा. तोही कॅन वायरवर बोलत असतो, आणि हलक्या प्रतीचा असेल तर इतरांच्या मध्ये बोलतो. बॅटरीचे टोक काढून परत लावले तर बऱ्याच गाड्यांत हे दिवे थोडा वेळ राहतात. स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडे अंतर चालवल्यावर जातात. त्याला नवा बिघाड समजू नका.

प्रश्न : पिंपळगावजवळ ट्रकच्या चाकातून खडा उडून पुढची काच तडकली. विम्यातून काच बदलली. तेव्हापासून लेन राखणारी मदत गाडी डावीकडे ढकलते आणि कधी मोकळ्या रस्त्यावर टक्कर-सूचना वाजते. काच बसवणारे म्हणतात कॅमेरा तोच आहे, काही केलेले नाही. (वाचक, आडगाव)

उत्तर : काही केलेले नाही, हेच दुखणे आहे. कॅमेरा काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये बसतो. काच बदलली की ब्रॅकेट नवा, गोंदाची जाडी नवी, कोन नवा. फक्त 1 अंशाचा फरक पडला तरी 50 मीटरवर नेम सुमारे 87 सेंटिमीटरने चुकतो आणि 100 मीटरवर पावणेदोन मीटरने. महामार्गाची लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे कॅमेऱ्याला शेजारच्या लेनच्या कडेचा ट्रक तुमच्या वाटेत दिसू शकतो.

काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचे माप पुन्हा जुळवणे, करावेच लागते. गाडीच्या कंपनीप्रमाणे ते उभ्या गाडीत होते, चालत्या गाडीत होते, किंवा दोन्ही. उभ्या गाडीतल्या कॅलिब्रेशनसाठी सपाट फरशी लागते, गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर नक्षीचा फलक लावतात. चारही टायरमध्ये दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा हवी, डिकीत सामान नको, इंधन कंपनीने सांगितले असेल तेवढे. गाडी मागून बसलेली असेल तर कॅमेरा आभाळाकडे पाहतो. चालत्या गाडीतल्या कॅलिब्रेशनसाठी स्पष्ट पट्टे असलेला रस्ता आणि ठरलेला वेग लागतो. गावातल्या गर्दीत ते पूर्ण होत नाही, मध्येच सोडून देतात आणि अर्धवट राहते.

त्याआधी व्हील अलाइनमेंट तपासून घ्या, क्रम उलटा करू नका. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरल्यावर स्कॅनरवर त्याचा कोन शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. तो पाच-सहा अंश दिसत असेल तर गाडीला वाटते तुम्ही सतत वळत आहात, आणि लेनची मदत त्या समजुतीवर चालते. नवी काच कॅमेऱ्याच्या गाडीसाठीची आहे का, हे बिलावरच्या पार्ट नंबरवरून पाहा. दिसायला सारखी पण कॅमेऱ्यासमोर पुरेशी सपाट नसलेली काच असेल तर कितीही वेळा कॅलिब्रेशन केले तरी ते टिकत नाही. विम्याच्या अंदाजपत्रकात कॅलिब्रेशन वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या आणि काम झाल्यावर 'पूर्ण' असा छापील अहवाल मागा. तोवर लेनची मदत बंद ठेवून चालवा.

प्रश्न : मागच्या बंपरला ठेच लागली म्हणून बाहेर डेंटिंग-पेंटिंग केले. आता उजव्या आरशातला ब्लाइंड-स्पॉटचा दिवा कुणी नसताना लागतो, आणि पावसात 'सेन्सर झाकला' म्हणतो. (वाचक, सिडको)

उत्तर : मागचे रडार बंपरच्या कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आड असते. पुष्कळ रडारांच्या लहरी 77 गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे लांबी सुमारे 4 मिलिमीटर. एवढ्या बारीक लहरीला प्लास्टिकवरचा पुट्टीचा थर आणि त्यावर चार हात रंग ही भिंतच असते, त्यातून चमकीचा धातुमिश्रित रंग असेल तर आणखी. रडारसमोरच्या भागात पुट्टी अजिबात चालत नाही. तिथे बंपर फुटला असेल तर तो बदलायचाच, भरायचा नाही. बंपर उतरवून रडारचा ब्रॅकेट वाकला आहे का तेही पाहायला सांगा. उजवा-डावा शेजारी धरून पाहिला की डोळ्यांनाही फरक कळतो. मग त्या बाजूच्या रडारचे कॅलिब्रेशन.

प्रश्न : दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, गाडी बागेतल्या शेडमध्ये उभी असते. पावसानंतर एक-दोन दिवस 'पुढचे रडार बिघडले' असा दिवा येतो, ऊन पडले की जातो. सर्व्हिस सेंटरने दोनदा कोड पुसला. (वाचक, दिंडोरी तालुका)

उत्तर : तुमच्या संदेशात 'बिघडले' हा शब्द आहे आणि तो ओलाव्याबरोबर येतो-जातो. इथे काच पुसून भागणार नाही. बंपरच्या आत कुठेतरी पाणी शिरत आहे. शोध घ्यायच्या जागा तीन: रडारचा कपलर (वायर जोडायचा प्लग), त्याच्या वायरिंगची खरचटलेली जागा आणि अर्थिंगचा बोल्ट.

कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट किंवा पांढरट पूड दिसली तर पाणी आत गेलेच आहे. कपलरच्या तोंडाशी रबराचे पातळ सील असते. ते दुमडले किंवा निसटले तर वायरवरून ओघळणारे पाणी थेट आत जाते. पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, सील बदलून बसवायचे. गंजलेली पिन घासून वापरू नका, बदलून घ्या. अर्थिंगच्या बोल्टवर, यंत्रणा सुरू असताना, बोल्ट आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकामध्ये 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बोल्ट काढून, खालचा गंज घासून, घट्ट करायचा.

शेडमध्ये उभ्या गाडीचा दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. कडबा, पोती, खोके जवळ असतील तर तो बंपरच्या आत ऊब शोधतो आणि वायरवरचे आवरण कुरतडतो. तांबे उघडे पडले पण तुटले नाही, तर कोरड्या हवेत सगळे ठीक चालते आणि ओल आली की करंट गळतो. तुमच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळते. तंबाखूच्या पानांवर भिस्त ठेवू नका. गाडी कडब्यापासून दूर लावा आणि बंपरखालचे कव्हर काढून वायरिंग एकदा पूर्ण लांबीने पाहून घ्या. कुरतडलेली वायर वॉरंटीत सहसा बसत नाही, म्हणून दुरुस्तीआधी विम्याच्या सर्वेक्षकाला दाखवा. कॅन वायरची जोडी पिळून टेप लावणे चालत नाही. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने, पीळ तेवढाच ठेवून जोडायची किंवा तो तुकडा बदलायचा.

तंत्रज्ञाला तुम्ही सांगण्यासारखे : कोड पुसण्याआधी त्याची पूर्ण नोंद छापून घ्या. कोड कितीदा आला, शेवटचा कधी, त्या वेळी वेग, व्होल्टेज आणि तापमान किती, हे बहुतेक गाड्यांत साठवलेले असते आणि पुसताच कायमचे जाते. मग स्कॅनरवर रडारचे थेट वाचन सुरू ठेवून एकाने वायरिंग वीतभर-वीतभर हळूच हलवायचे आणि दुसऱ्याने पडदा पाहायचा. कोरड्यात काही सापडले नाही तर कपलरभोवती फवारणीच्या बाटलीने पाण्याचा हलका तुषार मारून पाहायचा. कॅन वायरचा रोध मोजायचा असेल तर बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून, ओबीडी सॉकेटच्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये 60 ओहमच्या आसपास आला पाहिजे. 120 आला तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आला तर दोन वायरी चिकटल्या आहेत. पण बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेट आणि रडार यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे सोडणारा मधला संगणक, असतो आणि सॉकेटवर मोजलेला आकडा रडारच्या वायरीबद्दल काहीच सांगत नाही. तिथे वायरिंगचा नकाशा उघडून खऱ्या जागी मोजावे लागते.

बागायतदारांसाठी एक जास्तीची गोष्ट. बांधावर गाडी असताना बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली तर चुना-मोरचुदाचा निळसर पांढरा थर काचेवर आणि ग्रिलवर वाळतो. तो कॅमेऱ्यासमोर असेल तर 'झाकला आहे' हा संदेश येणारच. ओला असतानाच धुवा. वाळला असेल आणि साबणाने निघत नसेल तर पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून काच पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका.

प्रश्न : समृद्धीवर शिर्डीच्या पुढे, रस्ता एकदम मोकळा, हवा स्वच्छ, तरी 'रडार झाकले आहे' असे दोनदा आले. उतरून पाहिले, काहीही नव्हते. (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : काही रडार आपण झाकले गेलो का, हे परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून ठरवतात. पुढे गाडी नाही, बाजूला झाड, कठडा, इमारत काही नाही, अशा लांबच लांब सपाट पट्ट्यात परत काहीच येत नाही, आणि रडारला वाटते आपल्यापुढे काही चिकटले आहे. वाहनांत आल्यावर संदेश गेला असेल तर दुरुस्तीची गरज नाही. सॉफ्टवेअरचा अपडेट आला असल्यास तो मात्र करून घ्या. इगतपुरीच्या जवळजवळ 8 किलोमीटरच्या बोगद्यात याच्या उलट, भिंतींवरून नको तेवढे प्रतिध्वनी येतात. तिथे वेग राखणाऱ्या क्रूझवर विसंबू नका.

प्रश्न : पाच वेळा गाडी दाखवली. दर वेळी "कंपनीकडून अपडेट येईल" म्हणतात. काही कायदेशीर मार्ग आहे का? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : भारतात काही देशांसारखा, सदोष नवी गाडी ठरावीक प्रयत्नांनंतर परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे आणि त्यात कागद बोलतात. म्हणून प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड घ्या, आणि त्यावर "ग्राहकाची तक्रार : तपासणी" असे मोघम न लिहिता संदेशाचे शब्द, तारीख आणि किलोमीटर लिहायला लावा. तोंडी आश्वासन ई-मेलने परत पाठवा: "आज आपण सांगितले की…". कोडचा अहवाल मागा. देत नसतील तर 'मागितला, दिला नाही' हेही लिहून ठेवा.

शोरूमच्या पुढे गाडीच्या कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणून नाशिकमध्ये चालेल. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती करायची. 'अपडेट येईल' या वाटेवर हीच मुदत निसटते. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. दोष साध्या तपासणीत ठरत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, आणि तिथे तुमची तारीखवार वही आणि फोटो कामाला येतात.

प्रश्न : दसऱ्याला गाडीला हार घातला आणि संध्याकाळभर क्रूझ लागेना. हार काढला तर लागले. मग पूजा करायची कशी? (वाचक, पंचवटी)

उत्तर : मनापासून करा, फक्त रडार कुठे आहे ते आधी पाहून घ्या. पुष्कळ गाड्यांत ते पुढच्या लोगोमागे किंवा खालच्या ग्रिलमधल्या काळ्या गुळगुळीत चौकोनामागे असते. झेंडूच्या ताज्या फुलांत पाणी भरपूर असते, आणि रडारच्या लहरी पाण्यात अडतात. हार बोनेटवर ठेवून पूजा करा आणि गाडी हलवण्याआधी काढा. लिंबू-मिरची त्या चौकोनासमोर लोंबकळणार नाही अशी एका बाजूला बांधा. हळद-कुंकवाचे स्वस्तिक बोनेटवर काढा, लोगोवर नको. तिथे ओला थर वाळून बसतो आणि खरवडून काढताना लोगोला चरे पडतात. त्या चौकोनावर क्रोमची पट्टी, स्टिकर किंवा नंबर प्लेटची फ्रेम येत असेल तर तीही हलवा.